दादाचा ल्युकेमिया आपोआप गेलाय, मग आता केमो कशाला?

पत्र

डॉक्टर, माझा मोठा भाऊ ५१ वर्षांचा आहे. अशक्तपणा आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून तपासण्या केल्या, तर अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग निघाला. बोन मॅरोत (हाडांतल्या मगजात) ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी ६२ टक्के होत्या. ज्या आठवड्यात केमो सुरू व्हायची, त्याच आठवड्यात त्याला जबरदस्त न्यूमोनिया झाला. आयसीयू, ऑक्सिजन, अँटिबायोटिक्स, रक्ताच्या पिशव्या, सगळं झालं. तो हातचा गेला असंच आम्ही धरून चाललो होतो. पण वाचला. आणि महिन्याभराने काउंट केले तर सगळं जवळपास नॉर्मल! पुन्हा बोन मॅरो केली, तर ब्लास्ट ३ टक्के. केमोचा एक थेंबही दिलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हे 'स्पॉन्टेनियस रिमिशन' आहे, म्हणजे आजार आपोआप ओसरणं, फार क्वचित होतं, पण उपचार घ्यावेच लागतील. दादा म्हणतो, जो आजार माझ्या शरीरानेच परतवला, त्यासाठी मी केमो का घेऊ? आमच्या एका काकूंच्या मानेतल्या लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) गाठी औषधाशिवाय विरल्या, त्या सात वर्षं ठणठणीत आहेत, हा दाखला तो सारखा देतो. वहिनीचं म्हणणं, मुळात निदानच चुकलं होतं. आई म्हणते, परत येईल असं तोंडातून काढूसुद्धा नका, बोललं की येतं. मी मात्र रात्र रात्र जागी असते. आजार गेलाय की लपलाय? आणि दादाला मी काय सांगू?

— एक बहीण

उत्तर

ताई, आधी तुमच्या थेट प्रश्नाचं थेट उत्तर. आजार खरोखर मागे हटला आहे, त्याबाबत तुमच्या दादांचा काही गैरसमज नाही. पण तो गेलेला नाही. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियात अशा आपोआप आलेल्या रिमिशन जगभरातून नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक रुग्णांमध्ये आजार काही महिन्यांत उलटला. वर्षानुवर्षं टिकलेली उदाहरणं आहेत, पण अगदी मोजकी. त्या मोजक्यांत आपण असू असं धरून चालण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून उपचार घ्यावेत, हेच माझंही मत. फक्त ते का घ्यायचे, हे दादांना नीट पटलं पाहिजे. 'डॉक्टर म्हणतात म्हणून' एवढ्यावर हा माणूस हलणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतंय.

तो '३ टक्के' हा आकडा जरा जवळून बघू या, कारण घरातला निम्मा गोंधळ त्यातूनच आलाय. बोन मॅरोचा नमुना काचेवर पसरवून, रंगवून, पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली साधारण ५०० पेशी एकेक करून मोजतात. पहिल्या वेळी त्यांतल्या ३१० च्या आसपास ब्लास्ट होत्या, या वेळी १५. निरोगी माणसाच्या मॅरोतही काही ब्लास्ट असतातच, कारण रक्तपेशी तयार होताना त्या अवस्थेतून जातात. म्हणून ५ टक्क्यांच्या आत ब्लास्ट आणि सोबत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) व प्लेटलेट पुरेशा भरल्या की त्याला 'कम्प्लीट रिमिशन' म्हणायची पद्धत आहे. पण या १५ पेशी चांगल्या घरच्या की जुन्या ल्युकेमियाच्या, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. शिवाय ५०० म्हणजे किती थोड्या! निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या पेशी ढोबळमानाने एक लाख कोटी असतात. त्यांतल्या ९९ टक्के नाहीशा झाल्या तरी उरतात एक हजार कोटी, आणि एवढ्या उरूनही काउंट नॉर्मल येऊ शकतात, माणूस चालता-फिरता, जेवता-खाता असू शकतो. 'कम्प्लीट' या शब्दावर रुग्ण विसंबतात, यात त्यांचा दोष नाही.

याच्या पुढची तपासणी म्हणजे एमआरडी, उरलासुरला आजार शोधण्याची. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखून, साधारण दहा हजार पेशींत लपलेली एक ल्युकेमियाची पेशी सापडू शकते, आणि आजाराच्या जनुकात एनपीएम१ सारखा ठरावीक बदल असेल तर रेण्वीय तपासणी त्याहूनही खोल जाते. दादांची ही तपासणी झाली आहे का, ते पत्रात नाही. झाली नसेल तर पुढच्या भेटीत पहिली मागणी हीच करा. अहवाल पॉझिटिव्ह आला तर घरातला वाद तिथेच मिटेल. निगेटिव्ह आला तर आनंद माना, पण त्याचा अर्थ 'यंत्राच्या पल्ल्यात सापडलं नाही' एवढाच. केमोने एमआरडी निगेटिव्ह झालेल्या रुग्णांमध्येही काहींचा आजार उलटतो.

आता वहिनींची शंका. ती मला रास्त वाटते, आणि चांगल्या हिमॅटॉलॉजिस्टच्या (रक्तविकारतज्ज्ञाच्या) मनात ती तुमच्याआधी येऊन गेली असेल. ल्युकेमियासारखं दिसणारं पण ल्युकेमिया नसलेलं असं काही काही असतं. बी-१२ ची तीव्र कमतरता मॅरोचं रूप इतकं बदलते की गफलत होऊ शकते. पांढऱ्या पेशी वाढवणारी जी-सीएसएफची इंजेक्शनं दिलेली असली, किंवा एखाद्या औषधाने दबलेली मॅरो नुकती सावरत असली, तर कच्च्या पेशींची गर्दी दिसते. पण ६२ टक्के म्हणजे फारच मोठा आकडा आहे, यांतल्या कशाने तो सहसा गाठला जात नाही. तरी खात्री करून घ्या. पहिल्या स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. त्या वेळचा फ्लोचा, गुणसूत्रांचा आणि जनुकीय बदलांचा अहवाल मागून घ्या. पहिल्या नमुन्यात एखादा ठरावीक बदल सापडला असेल आणि आता तो नसेल किंवा अगदी कमी झाला असेल, तर निदानही खरं होतं आणि माघारही खरी आहे. एक मात्र सांगून ठेवतो. डीएनएमटी३ए, टीईटी२ असे काही बदल वाढत्या वयात ल्युकेमिया नसतानाही रक्तात असतात आणि रिमिशननंतरही मागे राहतात. अहवालात त्यांचं नाव दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, ते नेमके काय सांगतात ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

याच बैठकीत आयसीयूमधल्या औषधांची यादीही बघून घ्या. स्टेरॉइड दिले होते का? हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे वाढलेल्या पांढऱ्या पेशी कमी करणारं औषध, दिलं होतं का? ल्युकेमियाचा दुसरा प्रकार, म्हणजे लिम्फोब्लास्टिक, त्यात स्टेरॉइड हे स्वतःच औषध आहे. न्यूमोनियासाठी दिलं म्हणून ते आजाराला कळत नाही. अशा वेळी 'आपोआप' हा शब्दच लागू होत नाही.

मग हे झालं कसं? दादांनी 'माझ्या शरीराने परतवला' म्हटलं, ते बऱ्याच अंशी बरोबर असावं. अशा नोंदींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: रिमिशनच्या आधी मोठा जंतुसंसर्ग. न्यूमोनिया, सेप्सिस, बुरशीचा संसर्ग, आणि बऱ्याचदा जोडीला रक्त दिलेलं. संसर्गाशी झुंजताना प्रतिकारशक्ती इंटरफेरॉन, टीएनएफ असे पदार्थ भरभरून सोडते, टी-पेशी आणि नॅचरल किलर पेशी चवताळतात, आणि त्या माऱ्यात ल्युकेमियाच्या पेशीही सापडतात असा कयास आहे. ही ओळख जुनी आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू आणि पुढे जंतूंची विषं टोचून पाहिली. १९७१ मध्ये युगांडातल्या एका मुलाची बर्किट लिम्फोमाची गाठ गोवर आल्यावर ओसरल्याची नोंद आहे. २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका ६१ वर्षांच्या गृहस्थांच्या हॉजकिन लिम्फोमाच्या गाठी कोविडनंतर मोठ्या प्रमाणात विरल्याचं प्रसिद्ध झालं.

हे वाचून कुणाच्या डोक्यात 'मग पुन्हा ताप आणवू या' असं येईल, म्हणून इथेच थांबवतो. अॅक्यूट ल्युकेमियात ताप आणि संसर्ग कुणाला होत नाही? जवळपास प्रत्येकाला होतो. त्यांतल्या बहुतेकांचा ल्युकेमिया आहे तिथेच राहतो, आणि पुष्कळांचा जीव त्या संसर्गानेच जातो. त्यांच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही. लेख लिहिला जातो तुमच्या दादांसारख्या एखाद्यावर. ते न्यूमोनियातून वाचले हाच मुळात मोठा योग होता.

आता दादांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो: आजार दिसत नसताना औषध का? रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलाय म्हटलं तरी चालेल. १९५१ मध्ये डायमंड आणि लुबी या दोन डॉक्टरांनी ल्युकेमिया झालेल्या ३०० मुलांच्या नोंदी चाळल्या, तर २६ मुलांत आपोआप रिमिशन आलेली दिसली, बरेचदा संसर्गानंतरच. ती टिकली नाही. त्याच काळात, १९४८ मध्ये, बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन १६ पैकी १० मुलांत सुधारणा घडवून आणली होती. तीही टिकली नाही. म्हणजे रिमिशन निसर्गाने आणलेली असो की औषधाने, नुसती रिमिशन येणं पुरेसं नव्हतं. मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात खरी मजल मारली गेली ती त्यानंतर, जेव्हा डॉक्टर काउंट नॉर्मल असलेल्या, खेळत्या-बागडत्या मुलांनाही पुढे दोन-तीन वर्षं अनेक औषधं देत राहिले. त्या काळी आई-बापांनी हाच प्रश्न विचारला असणार, चांगल्या झालेल्या लेकराला सुया कशाला टोचता? आज चांगले उपचार मिळालेली त्यांतली बहुसंख्य मुलं कायमची बरी होतात. मोठ्यांच्या मायलॉइड ल्युकेमियातही तेच दिसलं. १९८० च्या दशकातल्या एका अभ्यासात केमोने रिमिशनमध्ये गेलेल्या ज्या रुग्णांना पुढे काहीच उपचार दिले नाहीत, त्यांचा आजार काही महिन्यांतच उलटला. नंतरचे उपचार असतात ते अशा न दिसणाऱ्या पेशींसाठी. दादांना हे सांगा. दिसत नसताना औषध देणं ही डॉक्टरांची हौस नव्हे, आणि त्यांच्या शरीराच्या पराक्रमावर दाखवलेला अविश्वासही नव्हे.

काकूंचं उदाहरण दादांच्या तोंडून काढून टाकायला मात्र तुम्हाला थोडे कष्ट पडतील, कारण ते खरं आहे. 'रक्ताचा कर्करोग' या एका नावाखाली फार वेगवेगळे आजार बसवलेत. काकूंना नेमकं काय होतं ते मी इथून सांगू शकत नाही, पण फॉलिक्युलर लिम्फोमासारख्या संथ चालीच्या आजारात गाठी आपसूक कमी होणं तितकं दुर्मिळ नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये सुरुवातीला उपचार न दिलेल्या ८३ रुग्णांची माहिती छापली, त्यांत १९ जणांच्या गाठी आपोआप ओसरल्या होत्या. त्या आजारात त्रास नसेल तर औषध न देता लक्ष ठेवणं हा आजही मान्य मार्ग आहे. (डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांतही ल्युकेमियासारखं चित्र दिसतं आणि बहुतेकांत ते काही आठवड्यांत-महिन्यांत निवळतं. तरी पुढची काही वर्षं त्या मुलांवर नजर ठेवतात, कारण काहींना नंतर खरा ल्युकेमिया होतो.) काकूंचा आजार बहुधा वर्षांच्या हिशेबाने चालतो, अॅक्यूट ल्युकेमिया आठवड्यांच्या. काकू सात वर्षं थांबू शकल्या, म्हणून दादा थांबू शकतील असं होत नाही.

आईंना दुखवू नका, पण त्यांचं ऐकून गप्पही बसू नका. आजार उलटतो तो कुणी बोललं म्हणून नाही. मॅरोत ल्युकेमियाच्या काही मूळ पेशी सुप्तावस्थेत पडून असतात. त्या विभागत नाहीत म्हणून माऱ्यातून सुटतात. संसर्ग बरा झाला, प्रतिकारशक्तीचा तो जोर ओसरला, की त्यांना मोकळीक मिळते. काही पेशी तर प्रतिकारशक्तीला ओळख पटू नये म्हणून स्वतःवरच्या खुणाच टाकून देतात. मॅरो ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या ल्युकेमियात हे स्पष्ट सापडलं आहे. मला काळजी वेगळीच वाटते. 'बोललं की येतं' असं घरात ठरून गेलं आणि उद्या आजार खरंच उलटला, तर कोण काय बोललं होतं याचा हिशेब सुरू होईल. आणि दादा स्वतः काही लक्षण जाणवलं तरी सांगणार नाहीत. ते फार महागात पडेल.

आता घाईचं. उद्या सकाळीच केमो लावा असं कुणी म्हणत नसेल, आणि म्हणू नये. फुप्फुसं नुकती सावरलीत. छातीचा सीटी स्कॅन, हृदयाची इको, दातांची तपासणी, वजन परत भरणं, यात काही आठवडे गेले तर बहुधा बिघडत नाही, मधल्या काळात काउंट नियमित होत असले तर. ही रिमिशन खरी कामाला येते ती इथेच: ६२ टक्के ब्लास्ट आणि न्यूमोनिया अंगावर असताना केमो घेणं वेगळं, आणि ताकद आलेली असताना घेणं वेगळं. पुढे नुसती केमो पुरेल की ट्रान्सप्लांट लागेल, हे मुख्यतः पहिल्या नमुन्यातल्या गुणसूत्रांवर आणि जनुकीय बदलांवर ठरेल. म्हणून ते जुने अहवाल हाताशी ठेवा म्हणालो.

दादांशी बोलताना 'तू घाबरतोयस' असं म्हणू नका. विचारा, की केमोतलं नेमकं काय नको वाटतंय. माझा अंदाज असा, की त्यांना पुन्हा त्या आयसीयूत जायचं नाही. तसं असेल तर ती भीती खरी आहे, कारण केमोने पांढऱ्या पेशी खाली जातात आणि संसर्गाचा धोका वाढतो. त्यावर ठोस प्रश्न विचारता येतात: बुरशीविरोधी औषध आधीपासून देणार का? मागच्या न्यूमोनियात कोणता जंतू सापडला होता, आणि त्यानुसार काय खबरदारी घेणार? कमी तीव्रतेचा पर्याय, म्हणजे अॅझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स, त्यांना चालेल का? या प्रश्नांची उत्तरं मिळू लागली की माणूस 'हो-नाही'च्या पलीकडे जाऊन बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर? ते सज्ञान आहेत, निर्णय त्यांचाच. भांडून दार बंद करून घेऊ नका. त्याऐवजी एका गोष्टीवर त्यांचा शब्द घ्या: डॉक्टर ठरवतील त्या अंतराने काउंट आणि मॅरो करायची, आणि कोणत्या आकड्यावर उपचार सुरू करायचे हे आजच डॉक्टरांसमोर ठरवून केसपेपरवर लिहून घ्यायचं. प्लेटलेट सलग दोनदा घसरल्या, एमआरडी वाढली, ब्लास्ट पुन्हा दिसल्या, असं काहीतरी स्पष्ट. 'मग काहीच करता येणार नाही' अशी भीती त्यांना घालू नका, ती खरी नाही. त्यांच्या पेशींनी अजून केमो पाहिलेलीच नाही, त्यामुळे उलटलेल्या आजारावरही ती चालण्याची शक्यता असते. धोका वेगळा आहे: आजार पुन्हा येताना रक्तस्राव किंवा दुसरा न्यूमोनिया घेऊन आला, तर औषध द्यायला तब्येत तयार नसेल. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मार न लागता उठलेले काळे-निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर घरी गोळी देऊन रात्र काढायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

शेवटी तुमच्यासाठी एक काम, रात्री जागण्यापेक्षा उपयोगाचं. ट्रान्सप्लांटची वेळ आली तर दात्याची एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणांची) जुळणी लागते, आणि सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अर्धी जुळली तरी हल्ली ट्रान्सप्लांट होतात. तपासणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला नमुना पुरतो. दादांनी उपचारांना होकार दिलेला नसला तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, माझी आणि बाकी भावंडांची जुळणी आत्ताच करून ठेवता येईल का. अहवाल यायला वेळ लागतो, तो आत्ता तुमच्या हाताशी आहे.